पगारपत्रकावरचा पाचवा वर्ग

जर्मनीत पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील, तर त्यांना प्राप्तिकराच्या वर्गांची जोडी निवडावी लागते. दोघेही चौथ्या वर्गात राहिले, तर ज्याच्या-त्याच्या मिळकतीप्रमाणे ज्याच्या-त्याच्या पगारातून कर कापला जातो. एकाने तिसरा आणि दुसऱ्याने पाचवा वर्ग घेतला, तर दोघांच्याही वाट्याची मूळ करमुक्त रक्कम तिसऱ्या वर्गाच्या पगारात धरली जाते आणि पाचव्या वर्गाच्या पगाराला तिचा लाभ मिळतच नाही. वार्षिक विवरणपत्र भरल्यावर दोघांचा मिळून कर तेवढाच येतो. पण दरमहा घरात येणारी रक्कम तिसरा-पाचवा या जोडीत थोडी जास्त दिसते. त्यामुळे ज्या घरात एकाचा पगार दुसऱ्याच्या पगारापेक्षा बराच मोठा असतो, तिथे हीच जोडी घ्या, असा सल्ला सहकाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे देतात. यातला पाचवा वर्ग बहुतेक घरांत बायकोच्या वाट्याला येतो, हे वेगळे सांगायला नको.

२०१९ च्या ऑक्टोबरात श्टुटगार्टजवळच्या एका गावातील कंपनीत मला नोकरी लागली आणि पहिले पगारपत्रक हाती आले, तेव्हा त्यावर हा पाचवा वर्ग होता. नवऱ्याचा पगार माझ्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे हिशेब सरळ होता आणि तो आम्ही दोघांनी मिळून केला होता. मात्र मूळ पगार आणि हातात पडणारा पगार यांतली ती दरी महिनोन्महिने पाहताना घरात जी भाषा रुळत गेली, ती त्या हिशेबात कुठेच नव्हती. ‘तुझ्या पगारात वर्षाची भारतवारी निघते’, ‘तुझ्या नोकरीवर घर चालत नाही, तेव्हा तू ताण घेऊ नकोस’ अशी वाक्ये प्रेमाने आणि कौतुकाने बोलली जात. वाहनांच्या ब्रेक-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर सुरक्षिततेच्या निकषांवर तपासणे हे माझे काम आहे, आणि ताण न घेता ते करणाऱ्या माणसाला कोणी त्या खुर्चीवर बसवू नये, असे माझे मत आहे.

परदेशात राहून नोकरी, संसार आणि मूल यांचा मेळ कसा घालतेस, असे मला नात्यातल्या मुली नेहमी विचारतात. विचारणारीला बहुधा माझे पहाटे उठणे, रविवारी आठवड्याच्या पोळ्या लाटून ठेवणे, असले काही ऐकायचे असते. तेही मी करते. पण आमच्या घरातला मेळ त्याने बसलेला नाही. कोणत्या अर्जावर कोणाचे नाव आणि कोणता आकडा लिहिला गेला, यावर तो ठरत गेला, आणि जेव्हा जेव्हा आम्ही तो अर्ज बदलला, तेव्हा तेव्हा घरातली कामांची वाटणीही बदलली.

नवरा २०१६ मध्ये चाकणची नोकरी सोडून इकडे आला आणि मी वर्षभराने त्याच्यामागून आले. त्याच्याकडे युरोपीय संघाचे निळे कार्ड, म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांना मिळणारा निवासपरवाना होता, म्हणून मला येण्याआधी जर्मनची परीक्षा देण्याचे बंधन नव्हते आणि पोहोचल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करण्याची मुभा होती. अमेरिकेत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याला पोहोचेपर्यंत काम करण्याचीच परवानगी नव्हती, तेव्हा तिच्या मानाने मी सुखी होते. पण मुभा मिळाली म्हणून नोकरी मिळत नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात मी बी-१ पातळीपर्यंत जर्मन शिकले होते. इथल्या लोकांची श्वाबी बोली कानावर पडल्यावर ते शिक्षण नेमके कोणत्या देशातले होते, असा प्रश्न पडला. गावच्या सार्वजनिक प्रौढशाळेत संध्याकाळचे वर्ग करून बी-२ झाले, आणि मग कुठे मुलाखतींची बोलावणी येऊ लागली. मुलाखतीत बाईला मुलांविषयी विचारणे इथे कायद्याला धरून नाही. त्याऐवजी ‘पुढच्या काही वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता’ असे विचारतात, आणि विचारणारा तेव्हा बोटातल्या अंगठीकडे पाहतो, की मला त्याच्या नजरेत अंगठी दिसते, हे सांगणे कठीण आहे.

नोकरी पक्की झाल्यावर मी पहिला अर्ज बदलला, तो निवासपरवान्याचा. मी आले होते ती कुटुंब-एकत्रीकरणाच्या परवान्यावर, म्हणजे माझे इथले राहणे नवऱ्याच्या राहण्याला जोडलेले होते. असा संसार इथे तीन वर्षे टिकण्याआधी मोडला, तर पत्नीला स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क सहसा मिळत नाही. आमचा संसार सुखाचा होता आणि आहे. तरीही स्वतःचा करार, स्वतःची पदवी आणि पुरेसा पगार हाती असताना दुसऱ्याच्या नावाच्या आधाराने राहायचे कशासाठी, हा प्रश्न मला पडला. २०१९ साली माणसांची टंचाई असलेल्या तांत्रिक व्यवसायांसाठी निळ्या कार्डाची पगारमर्यादा वर्षाला सुमारे ४१,८०० युरो होती आणि माझा करार तिच्या वर होता. परदेशी पदव्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘अनाबिन’ या माहितीसंचात पुणे विद्यापीठाची नोंद होतीच. कार्यालयातल्या बाईंनी कागद चाळून विचारले, “तुमच्याकडे परवाना आहे, त्यावर नोकरीही करता येते, मग हा खटाटोप कशाला?” संध्याकाळी नवऱ्यानेही जवळजवळ हेच विचारले, त्याच्या स्वरात मात्र थोडे दुखावलेपण होते. त्यावर आम्ही बरेच दिवस बोललो. विमा आपण मृत्यूची वाट पाहत आहोत म्हणून काढत नाही, एवढे त्याला पटले, आणि कार्ड माझ्या नावाने झाले. बी-१ जर्मन येत असेल, तर निळ्या कार्डावरील २१ महिन्यांच्या नोकरीनंतर कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकत होता. २०२१ संपता संपता तो मला मिळाला, माझ्या स्वतःच्या नोकरीच्या आणि निवृत्तिवेतनाच्या हप्त्यांच्या जोरावर.

त्याच सुमारास मुलाचा विचार सुरू झाला आणि पाचवा वर्ग पुन्हा समोर आला. बाळंतपणानंतर नोकरी थांबवणाऱ्या पालकाला सरकारकडून ‘एल्टर्नगेल्ड’ म्हणजे पालकभत्ता मिळतो. तो आधीच्या वर्षभरातल्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के असतो, कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १,८०० युरो. यातला निव्वळ हा शब्द महत्त्वाचा. पाचव्या वर्गात जास्तीचा कापला गेलेला कर वार्षिक विवरणपत्रात घराला परत मिळतो. पण पालकभत्ता, आजारपणातला भत्ता, बेकारभत्ता हे सगळे महिन्याच्या हाती पडणाऱ्या रकमेवर मोजले जातात, आणि तिथे कोणी काही परत देत नाही. म्हणजे घराच्या सोयीसाठी जिने दरमहा कमी पगार घेतला, तिलाच आजारपणात, बेकारीत आणि बाळंतपणात कमी मिळते. वर्ग बदलायचा असेल, तर तो मातृत्वरजेचा महिना सुरू होण्याच्या किमान सात महिने आधी बदललेला असावा लागतो, तरच भत्त्याच्या हिशेबात नवा वर्ग धरतात. दिवस गेल्याचे कळल्यावर हालचाल करणारीला ही मुदत कशीबशी गाठता येते किंवा येतच नाही. आम्ही २०२१ च्या शरद ऋतूतच दोघेही चौथ्या वर्गात गेलो. अर्ज ऑनलाइन आहे आणि तो भरायला पोळ्यांची कणीक भिजवण्याइतकाही वेळ लागत नाही. पुढच्या महिन्यात माझा हाती येणारा पगार एकदम फुगला, नवऱ्याचा आक्रसला. घरखर्चाच्या चर्चेत ‘तुझा’ आणि ‘माझा’ यांतले अंतर कमी झाले, आणि भारतवारीचा तो विनोद त्यानंतर कोणी केलेला मला आठवत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात मुलगी झाली. प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर आठ आठवडे रजा असते. आधीच्या सहा आठवड्यांत बाईची इच्छा असेल, तर तिला काम करता येते; नंतरच्या आठ आठवड्यांत मात्र तिने म्हटले तरी कंपनीला तिच्याकडून काम घेता येत नाही. या काळात आरोग्यविमा दिवसाला १३ युरोपर्यंत देतो आणि बाकीची भर कंपनी घालते, त्यामुळे निव्वळ पगार पूर्ण मिळतो. चौथ्या वर्गाचा पहिला उपयोग मला इथेच झाला.

आई कराडहून आली ती ९० दिवसांच्या शेंगेन व्हिसावर. त्यासाठी नवऱ्याने इथल्या कार्यालयात हमीपत्र दिले, ३०,००० युरोंचा प्रवासविमा काढला आणि वडिलांच्या जेवणाची व्यवस्था चुलतबहिणीकडे लावून दिली. आईने बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, खारीक, वेखंड, दोन सुती लुगडी फाडून केलेली दुपटी आणि मोहरी भरलेली एक छोटी उशी आणली होती. दुसऱ्या बाजूने आरोग्यविम्यातर्फे येणारी ‘हेबामे’ म्हणजे सुईण पहिले दहा दिवस रोज आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे घरी येणार होती. अशी सुईण मिळणे सोपे नसते. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच मिळेल तिला पत्र पाठवावे लागते. आमच्या वाट्याला साठीच्या आसपासची, मोठ्या आवाजाची, सायकलवरून येणारी एक बाई आली. आई तिला पहिल्या दिवसापासून ‘सुईणबाई’ म्हणू लागली, आणि तीही त्या हाकेला ओ देऊ लागली.

त्या दोघींमध्ये एकही समान भाषा नव्हती आणि मतभेद मात्र भरपूर होते. सुईणबाईंनी मोहरीची उशी हातात घेतली, हुंगली आणि खिडकीत ठेवली. बाळाने पाठीवर, सपाट गादीवर, उशीशिवाय आणि पांघरुणाऐवजी झोपेच्या पिशवीत निजायचे, हा त्यांचा नियम होता. डोके वाटोळे कसे होणार, हा आईचा प्रश्न मी भाषांतरित केला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या चपट्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “याने माझे काही अडले नाही.” बाळगुटी आणि पाणी सहा महिने नाही, ही गोष्ट आईला पटायला फार वेळ लागला, तिने सहाणेवर वेखंड उगाळून ठेवलेले मला दोनदा धुवून टाकावे लागले. ओव्याची धुरी तर सुरूच होऊ शकली नाही, कारण भाड्याच्या घरातही झोपण्याच्या प्रत्येक खोलीत धुराचा गजर बसवणे इथे सक्तीचे आहे. मात्र मालिश पाहिल्यावर सुईणबाई आईशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. पाय लांब करून त्यावर बाळाला निजवण्याची रीत त्यांनी स्वतः करून पाहिली आणि अळिवाची खीर वाटीभर खाऊन तिच्यात लोह किती असते, ते मला मोबाइलवर शोधायला लावले. ड-जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज द्यायच्या म्हटल्यावर आई म्हणाली, “कोवळ्या उन्हात धरलं की झालं.” ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात ऊन काही निघाले नाही, आणि गोळ्यांचा प्रश्न आपोआप सुटला.

बाळंतपण म्हणजे आराम, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यातले माझे मोठे काम दुभाषाचे होते, आणि ते कोणत्याही कार्यालयीन बैठकीपेक्षा अवघड होते, कारण दोघीही अनुभवी होत्या, दोघीही माझ्या भल्याचेच बोलत होत्या आणि निर्णय मात्र मला घ्यायचा होता. आई नोव्हेंबरअखेरीस परत गेली. ९० दिवसांपलीकडे एक दिवसही नाही, हा नियम तिने विमानतळावर माझ्याकडून पुन्हा समजून घेतला आणि म्हणाली, “सव्वा महिना तरी झाला ना, मग बास.”

मुलीच्या नावाचाही एक प्रसंग झाला. जन्मनोंदणीच्या कार्यालयात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहायचे म्हटल्यावर तिथल्या गृहस्थांना मुलीला पुरुषाचे नाव कसे, असा प्रश्न पडला. भारतीय रीत समजावता समजावता मीच म्हणाले, की मग आईचेही नाव घाला, म्हणजे शंका उरणार नाही. त्यांनी घातले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सक्तीचे केले, तेव्हा सासऱ्यांनी आम्हांला फोन करून “तुम्ही आधीच केलंत की” असे सांगितले. मुलाला जन्माने जर्मन नागरिकत्व मिळण्यासाठी तेव्हा पालकाच्या आठ वर्षांच्या वास्तव्याची अट होती. आम्हा दोघांची इथली वर्षे तिच्यात बसत नव्हती, त्यामुळे मुलगी जन्माने भारतीय. वर्षाच्या आत म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात तिची नोंद, मग पासपोर्ट, मग त्यावर इथला परवाना, असा क्रम पार पडला.

पालकभत्त्याचे महिने वाटणे हा मात्र सगळ्यांत मोठा निर्णय होता. दोघा पालकांना मिळून १४ महिने मिळतात. एकाला जास्तीत जास्त १२, आणि दुसऱ्याने किमान दोन घेतले तरच १४ पूर्ण होतात. इथल्या अनेक घरांत आई १२ आणि बाप दोन घेतो, आणि बापाच्या त्या दोन महिन्यांत बरीच कुटुंबे फिरायला निघतात. आम्ही आठ आणि सहा असे ठरवले. ठरवणे सोपे नव्हते, कारण १,८०० युरोंची मर्यादा मोठ्या पगाराला जास्त टोचते. नवरा घरी बसला की घराचे उत्पन्न मी घरी बसण्यापेक्षा जास्त घटत होते. नवी गाडी आणि त्या वर्षीची भारतवारी आम्ही रद्द केली. बाप दोनच महिने का घेतात, याचे कारण त्यांच्या स्वभावात जितके आहे, तितकेच या गणितातही आहे, असे मला तेव्हा कळले.

रजेचा अर्ज सुरुवातीच्या सात आठवडे आधी लेखी द्यावा लागतो. नवऱ्याच्या वरिष्ठांनी तो वाचून ‘सहा आठवडे ना?’ असे विचारले. नाशिकहून सासऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: “कंपनीत काही बिनसलं का?” सासूबाईंना चिंता होती ती मुलीच्या दुधाची. त्या म्हणाल्या, “पोर अंगावर पितेय आणि तू ऑफिसला निघालीस, तर तिचं कसं व्हायचं?” त्या रागाने बोलत नव्हत्या; त्यांनी स्वतः तीन मुले वाढवताना शिक्षिकेची नोकरी सोडली होती आणि त्याविषयी त्या कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. नंतर नवऱ्याला त्यांनी फोनवर खिमटाची कृती सांगितली आणि ती लिहून घ्यायला लावली, तेव्हा माझा फोन बाजूला ठेवलेला होता.

२०२३ च्या मेमध्ये मी कामावर परतले. आमच्या कंपनीला धातू-उद्योगाचा सामूहिक करार लागू असल्यामुळे पूर्ण आठवडा ३५ तासांचा असतो. मी पालकरजा चालू ठेवून २८ तासांवर आले. रजेतही आठवड्याला ३२ तासांपर्यंत काम करता येते, आणि रजा संपली की आपोआप पूर्ण वेळ परत मिळतो. याऐवजी साधा करार अर्धवेळाचा करून घेतला असता, तर पूर्ण वेळ परत मागताना कंपनीच्या मर्जीचा प्रश्न आला असता. कार्यालयातल्या दोन जर्मन सहकारी दहा-बारा वर्षांपूर्वी ‘तात्पुरत्या’ अर्धवेळावर गेल्या आणि अजून तिथेच आहेत. त्यांनीच मला मुदत लेखी घे, असे बजावले होते. मूल वर्षाचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी किंवा काढण्यासाठी रोज निदान दोनदा अर्धा तास पगारी वेळ मिळतो. त्यासाठी मला प्रथमोपचाराच्या खोलीची किल्ली दिली गेली. हक्क कागदावर असला, तरी पुरुषांनी भरलेल्या बैठकीतून तो बजावायला उठणे वेगळे असते. मी माझ्या कॅलेंडरात त्या वेळेला सरळ ‘दूध’ असे जर्मनमध्ये लिहू लागले, त्यानंतर कोणी त्या वेळेत बैठक लावली नाही.

घरी नवरा मुलीला सांभाळत होता, आणि मला जे जमले नाही, ते म्हणजे दुरून न सांभाळणे. तिला कोणते मोजे घातले, भाताबरोबर वरण दिले का, हे मी पहिले काही आठवडे मेसेज करून विचारत असे. एक दिवस त्याने शांतपणे म्हटले, की तू घरी असताना मी तुला असे विचारले असते, तर तू काय केले असतेस. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. संसारात बायकोने अधिकार मागावा आणि स्वयंपाकघराचा, मुलाचा अधिकार मात्र स्वतःकडे राखून ठेवावा, ही गोष्ट फार काळ चालत नाही. त्याचे वरण माझ्यापेक्षा पातळ होते, आणि मुलीला तेच आवडते.

पाळणाघराची, म्हणजे ‘किटा’ची कथा मोठी आहे. १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जर्मनीत अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण शिक्षिकांची टंचाई असल्यामुळे जागा मिळेलच असे नाही. मुलीच्या जन्माआधीच आम्ही नावे नोंदवली. नकार येत गेले, आणि एका सहकारिणीच्या सांगण्यावरून मी प्रत्येक नकार फाइलला लावत गेले. लायप्झिगच्या काही आयांनी जागा न मिळाल्यामुळे बुडालेल्या पगाराची भरपाई नगरपालिकेकडे मागितली होती, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अशी भरपाई मिळू शकते, असा निर्णय दिला होता. आम्हांला न्यायालयात जावे लागले नाही. त्या निर्णयाचा उल्लेख असलेले सभ्य पत्र नगरपालिकेला पाठवल्यानंतर काही आठवड्यांनी एक जागा निघाली. पत्रामुळे निघाली की कोणी गाव सोडल्यामुळे, हे मी विचारले नाही.

इथल्या पाळणाघरात मूल सोडून थेट कामाला जाता येत नाही. बऱ्याच ठिकाणी पाळली जाणारी रुळवण्याची पद्धत बर्लिनमध्ये तयार झालेली आहे: पहिले तीन दिवस पालक मुलासोबत वर्गात बसतो आणि कोपऱ्यातून हलत नाही, चौथ्या दिवशी तो थोडा वेळ बाहेर जातो, पण चौथा दिवस सोमवारी आला, तर नाही, कारण शनिवार-रविवार घरी घालवलेले मूल सोमवारी हळवे असते. मुलाने शिक्षिकेकडून समजूत काढून घेतली, तर वेळ वाढवतात, नाहीतर पुन्हा मागे येतात. यात कित्येक आठवडे जातात. ऑक्टोबरात हे सगळे नवऱ्याने केले, आणि शिक्षिकेने त्याला पहिल्याच दिवशी विचारले, “आई कधीपासून येणार?” प्रवेश-अर्जावर प्रथम संपर्क म्हणून आम्ही त्याचा क्रमांक दिला होता. तरी मुलीला ताप आला, की फोन मला यायचा. मी दर वेळी एवढेच म्हणे, की अर्जावरच्या पहिल्या क्रमांकावर लावा, आणि ठेवून देत असे. असे म्हणताना पोटात कालवे, कारण पलीकडे माझी तापलेली मुलगी होती. पण एकदा जरी मी धावले असते, तर तो पहिला क्रमांक पुन्हा माझा झाला असता. हिवाळा सरेपर्यंत फोन त्याला जाऊ लागले.

त्या हिवाळ्यात मुलगी सतत आजारी होती; पाळणाघरातले पहिले वर्ष असेच जाते, असे सगळे सांगतात. मूल आजारी असताना घरी राहण्यासाठी सार्वजनिक आरोग्यविम्यात प्रत्येक पालकाला स्वतंत्र दिवस मिळतात. कोविडकाळात वाढवलेले हे दिवस २०२४ पासून एका मुलामागे प्रत्येक पालकाला १५ आहेत, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम विमा देतो. शिवाय शिक्षिकाच आजारी पडल्या, तर सकाळी सातच्या आत ‘आज गट बंद’ असा निरोप येतो, आणि त्या दिवशी मूल ठणठणीत असल्यामुळे हे विम्याचे दिवस उपयोगी पडत नाहीत. आम्ही आठवड्याचे वार वाटून घेतले: सोमवार आणि बुधवार माझे, मंगळवार आणि गुरुवार त्याचे, शुक्रवारी ज्याची बैठक कमी महत्त्वाची त्याचा. कमी महत्त्वाची कोणाची, यावरून आमची जी भांडणे झाली, ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्या भांडणांपेक्षाही मोठी होती. आजी-आजोबा, मावशी, शेजारच्या काकू यांपैकी कोणीही अर्ध्या तासावर नसणे म्हणजे काय, हे अशा सकाळी कळते. गावातल्या आणखी एका मराठी कुटुंबाशी आम्ही अदलाबदलीचा करार केला. त्यांची मुले आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे, आणि हिशेब कोणी ठेवायचा नाही.

आता मी पुन्हा ३५ तासांवर आहे आणि नवरा ३० तासांवर. त्याच्या त्या सहा महिन्यांनंतर त्याच्या विभागात आणखी दोघा बापांनी चार-चार महिन्यांची रजा मागितली. त्याला स्वतःला मात्र मिळणार असलेले एक पद तेव्हा मिळाले नाही, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध होता का, हे कोणी कधी म्हणणार नाही. बायकांना हे नवीन नाही. त्याला होते, आणि त्याला वाईट वाटले. २०२४ च्या जूनपासून जर्मन नागरिकत्वासाठी पाच वर्षांचे वास्तव्य पुरते आणि जुने नागरिकत्व सोडण्याची जर्मनीची अट उरलेली नाही. भारताची मात्र आहे. त्यामुळे तो अर्ज आम्ही दोघांनीही अजून भरलेला नाही. मी भरण्याच्या बाजूची आहे. नवऱ्याला नाशिकच्या घराचा आणि म्हाताऱ्या आई-वडिलांचा विचार सुटत नाही.

पालकरजेचे काही महिने आम्ही दोघांनीही राखून ठेवले आहेत. तिसऱ्या वाढदिवसानंतर आठव्या वाढदिवसापर्यंत ते वापरता येतात आणि त्यासाठी कंपनीला १३ आठवडे आधी कळवावे लागते. मुलगी २०२९ मध्ये पहिलीत जाईल, आणि पहिले काही महिने शाळा लवकर सुटल्यावरची दुपार कोणाच्या महिन्यांतून भरायची, ते आतापासून ठरवायला घेतले आहे. माझे म्हणणे आहे, की या वेळी ज्याचा पगार जास्त असेल, त्याने आधी घ्यावेत. गेल्या वर्षीच्या पगारवाढीनंतर आमच्या पगारांतला फरक थोडाच उरला आहे, आणि त्यामुळे नवरा या नियमाला हो म्हणण्यापूर्वी आणखी एका वर्षाचे आकडे पाहू म्हणतो.